नको असलेल्या संदेशांसाठी चाळणी कशी बांधावी

चर्चागटात एखादा विषय रंगात आलेला असतो आणि मधेच कर्जाची जाहिरात येऊन पडते, कुणी दोन वर्षांपूर्वीचे भांडण उकरून काढतो, किंवा ज्या विषयाशी आपला काडीचाही संबंध नाही त्यावर एका दिवसात दोनशे प्रतिसाद जमा होतात. वाचक काही दिवस या साऱ्यावरून नजर फिरवत पुढे जातो, मग थकतो आणि एके दिवशी गटच सोडून देतो. असे गट सोडलेले अनेक जाणकार सदस्य मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची अडचण एका दुपारच्या कामाने दूर होण्यासारखी होती, याची मला आजही हळहळ वाटते. ते काम कसे करावे हे पुढे सविस्तर सांगतो. माझे म्हणणे आधीच स्पष्ट करतो: नकोसे शब्द शोधून संदेश गाळणे हा सर्वांना प्रथम सुचणारा मार्ग सर्वांत कमी भरवशाचा आहे. संदेश कोणी टाकला, किती ठिकाणी टाकला आणि कोणत्या धाग्यात, म्हणजे प्रतिसादांच्या कोणत्या साखळीत, टाकला या गोष्टींवर बांधलेली चाळणी मात्र वर्षानुवर्षे टिकते.

आधी आठवडाभर नुसते पाहावे

नियम लिहायला बसण्यापूर्वी आठवडाभर एक साधी नोंद ठेवावी. जो जो संदेश आपण न वाचता ओलांडला, त्याच्यापुढे एकच शब्द लिहावा: जाहिरात, काडी, अवांतर किंवा नावड. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण या चारही गोष्टी नकोशा असल्या तरी त्यांचे मूळ वेगळे आहे आणि म्हणून त्यांवरचा उपायही वेगळा आहे. जाहिरात टाकणारा गटात नसतोच. तो संदेश फेकून निघून जातो, त्याला कुणाच्या उत्तराशी कर्तव्य नसते आणि त्याचे सारे बळ संख्येत असते. काडी टाकणारा मात्र गटातच बसलेला असतो, कारण त्याला उत्तरेच हवी असतात. अवांतर बहुधा चांगल्या सदस्यांच्या हातून होते आणि ते चार दिवसांत आपोआप विरते. नावडीत तर दोष कुणाचाच नसतो. संदेश योग्य ठिकाणी आलेला असतो, फक्त तो आपल्यासाठी नसतो. नावडीच्या संदेशांना जाहिरातीचा नियम लावला तर उद्या त्याच विषयातले आपल्याला हवे असलेले उत्तरही जाते, आणि काडी टाकणाऱ्याला शब्दांचा नियम लावला तर तो शब्द बदलतो.

आठवड्याच्या शेवटी ती नोंद वाचली की बहुतेक वेळा असे दिसते की आपला त्रास दोन-तीन व्यक्ती, चार-पाच धागे आणि एका विशिष्ट प्रकारच्या जाहिरातीपुरता आहे. तेवढ्यासाठी सातआठ नियम पुरतात. पहिल्याच दिवशी पन्नास नियम लिहिणाऱ्याला महिन्याभराने त्यांतला एकही नियम का लिहिला हे आठवत नाही.

चाळणी संदेशाच्या कोणत्या भागाला लावावी

चर्चागटांची आजची पुष्कळ साधने यूझनेटवरून, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या जुन्या सार्वजनिक चर्चागटांवरून, आली आहेत, म्हणून त्याचा थोडा इतिहास उपयोगी पडतो. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९ साली या जाळ्याची कल्पना सुचली आणि १९८० साली ते सुरू झाले. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या ‘आरएन’ या वाचनसाधनात किलफाइल आली, म्हणजे ज्या विषयाचे किंवा ज्या लेखकाचे संदेश दिसायला नकोत त्यांची वाचकाने स्वतः ठेवलेली यादी. गटात काय राहावे हा अधिकार गटाकडे आणि मला काय दिसावे हा अधिकार माझ्याकडे, ही वाटणी त्या यादीने रूढ केली. ती मला आजही सर्वांत न्याय्य वाटते.

१२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील एका वकील दांपत्याने स्थलांतर परवान्याच्या सोडतीची जाहिरात यूझनेटच्या हजारो गटांत वेगवेगळी टाकली, आणि जाहिरातीचा प्रश्न एकदम सर्वांच्या दारात आला. त्यानंतर जो निकष रुजला तो आपल्या कामाचा आहे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकात संदेशाचा आशय मुळीच पाहिला जात नाही. संदेशाची प्रत्येक प्रत किती गटांत टाकली त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे आणि साऱ्या प्रतींच्या वर्गमुळांची बेरीज करायची. एकच संदेश एकदाच नऊ गटांत मिळून टाकला तर निर्देशांक ३ येतो; तोच नऊ गटांत नऊ वेळा स्वतंत्रपणे टाकला तर ९ येतो. ४५ दिवसांत ही बेरीज २० पर्यंत गेली की तो संदेश रद्द करण्यास योग्य मानला जाई. म्हणजे माल चांगला की वाईट, मत पटते की नाही, या वादात न पडता फक्त वागणूक मोजली गेली. वाचकानेही आपली चाळणी याच दृष्टीने बांधावी.

पहिला आणि सर्वांत उपयोगी नियम धाग्याचा. प्रत्येक प्रतिसाद आपण कोणत्या संदेशाला दिलेला आहे हे मजकुराच्या वर असलेल्या ‘रेफरन्सेस’ नावाच्या ओळीत सांगतो, त्यामुळे धाग्याचे शीर्षक मधेच बदलले तरी धागा ओळखता येतो. म्हणून शीर्षकावर नियम लिहिण्याऐवजी ‘धागा दुर्लक्षित करा’ ही सोय वापरावी. थंडरबर्ड या वाचनसाधनात ‘के’ ही कळ दाबली की पूर्ण धागा दुर्लक्षित होतो आणि शिफ्टसह दाबली की फक्त त्या ठिकाणापासून फुटलेली फांदी. ही फांदीची सोय फार मोलाची आहे, कारण चांगल्या धाग्यात अवांतर सुरू होते ते एखाद्या फांदीवरच, आणि मुख्य चर्चा पलीकडे नीट चालू असते.

दुसरा नियम पसरणीचा. जो संदेश चारपाचपेक्षा अधिक गटांत एकाच वेळी आला आहे, तो क्वचितच आपल्यासाठी लिहिलेला असतो. यूझनेटवर ‘न्यूजग्रुप्स’ या ओळीतली गटांची नावे मोजून, आणि जेथे ती ओळ लगेच मिळत नाही तेथे संदेश कोणकोणत्या गटांत आहे ते सांगणाऱ्या ‘एक्सरेफ’ या ओळीवरून, ही संख्या कळते. वाचनसाधन गट उघडताना प्रथम प्रत्येक संदेशाचा गोषवारा मागवते, आणि त्यात विषय, लेखक, तारीख, संदेशक्रमांक, संदर्भ आणि आकार एवढ्याच गोष्टी भरवशाने असतात. नियम या गोष्टींवर लिहिला तर तो क्षणात चालतो. बाकीच्या ओळींवर किंवा मजकुरावर लिहिला तर साधनाला प्रत्येक संदेश अधिक प्रमाणात उतरवून घ्यावा लागतो आणि गट उघडायला वेळ लागतो.

तिसरा नियम व्यक्तीचा, आणि येथे सावधपणा हवा. नाव आणि पत्ता ही दोन्ही लिहिणाऱ्याने स्वतः भरलेली माहिती आहे, आणि यूझनेटवर तर दुसऱ्याचा पत्ता लावून लिहिणे मुळीच अवघड नाही. एखाद्याचा पत्ता कायमचा वगळला आणि पुढे कळले की तो पत्ता चोरून दुसराच कुणी लिहीत होता, तर शिक्षा निरपराध माणसाला झालेली असते. उलट काडी टाकणारा दर आठवड्याला नवी आयडी काढत असेल तर नावाच्या नियमाचा उपयोग होत नाही. अशा वेळी त्याच्या चारपाच संदेशांचे पूर्ण हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या साऱ्या तांत्रिक ओळी, उघडून शेजारी शेजारी ठेवावेत. नाव बदलले तरी संदेशक्रमांकाचा ‘@’ नंतरचा उजवा भाग, संदेश कोणत्या सर्व्हरमार्गे आला तो मार्ग, लिहिण्याचे साधन आणि कधी कधी स्वाक्षरीतील एखादी ओळ तशीच राहते. यांतल्या दोन खुणा एकत्र जुळल्या तरच नियम लागू व्हावा असे लिहावे. एकच खूण धरली तर त्याच सर्व्हरवरून लिहिणारे सज्जनही गाळले जातात. ‘सर्व अटी पूर्ण झाल्या तर’ आणि ‘कोणतीही एक अट पूर्ण झाली तर’ या दोन पर्यायांतून निवड करताना झालेली चूक मी नव्या वाचकांच्या नियमांत इतक्या वेळा पाहिली आहे की नियम जतन करण्यापूर्वी ही ओळ पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

ईमेलवर चालणाऱ्या गटांत आणखी एक अडचण येते. काही गट सदस्याचा पत्ता काढून तेथे गटाचा पत्ता घालतात आणि मूळ पत्ता ‘रिप्लाय-टू’ या ओळीत ठेवतात. तेथे प्रेषकावर लिहिलेला नियम एकतर कुणालाच लागू होत नाही, नाहीतर सगळ्या गटाला लागू होतो. अशा गटाचे संदेश वेगळे काढण्यासाठी ‘लिस्ट-आयडी’ ही ओळ धरावी, कारण ती २००१ मध्ये याच कामासाठी प्रमाणित झाली आहे आणि विषयात चौकटी कंसात घातलेल्या गटाच्या नावासारखी बदलत नाही.

देवनागरी शब्दांवर नियम लिहिताना

शब्दांवरचा नियम शेवटी लिहावा असे मी म्हणतो, तरी काही जाहिराती दुसऱ्या कशानेच पकडल्या जात नाहीत. त्यामुळे तो कसा लिहावा हे नीट पाहिले पाहिजे, विशेषतः मराठीत, कारण बहुतेक चाळण्या रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या आहेत.

एका छायाचित्रणाच्या गटात सामानाच्या ‘दर’पत्रकांचा पाऊस पडत होता, म्हणून मी विषयात ‘दर’ हा शब्द असलेला प्रत्येक संदेश वगळण्याचा नियम लिहिला. जवळजवळ तीन महिने मी समाधानात होतो. मग एका सदस्याने दुसऱ्याच धाग्यात उल्लेख केला की अमक्यांनी जुन्या भिंगांवर लिहिलेली लेखमाला या गटातले सर्वोत्तम लेखन आहे. मला ती माला दिसलीच नव्हती, कारण तिच्या प्रत्येक शीर्षकात ‘सुंदर’ हा शब्द होता. ‘आदर’, ‘सादर’, ‘चादर’, ‘दरवाजा’ या सगळ्यांत ‘दर’ आहे, हे नियम लिहिताना माझ्या मनातही आले नाही.

यावर ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडावा असे कुणीही सुचवेल, पण मराठीत तो पर्याय अनेक साधनांत फसवा ठरतो. शब्द कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे ठरवताना पुष्कळ साधने काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार यांना अक्षर मानत नाहीत. ती त्यांना स्वल्पविरामासारखी शब्दाबाहेरची चिन्हे समजतात. परिणामी ‘सुंदर’ मधल्या अनुस्वाराशी शब्द तुटतो आणि उरलेला ‘दर’ पूर्ण शब्द ठरतो. ‘चादर’ मध्ये काना हेच काम करतो. ‘आदर’ मात्र सुटतो, कारण ‘आ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. म्हणून या पर्यायावर विसंबण्याऐवजी नियमातच स्पष्ट लिहावे की शब्दाच्या अलीकडे ओळीची सुरुवात, मोकळी जागा किंवा विरामचिन्ह असावे आणि पलीकडे मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा ओळीचा शेवट असावा. ज्या साधनात असा नमुना लिहिण्याची सोयच नाही तेथे दोनतीन अक्षरांच्या शब्दावर नियम लिहू नये.

दुसरी अडचण विभक्तीची. मराठी शब्द प्रत्यय घेताना रूप बदलतो. ‘कर्ज’ चे ‘कर्जासाठी’ होते तेव्हा आरंभ तसाच राहतो, पण ‘पैसा’ चे ‘पैशांसाठी’ होते तेव्हा ‘स’ चा ‘श’ होतो, आणि ‘पैसा’ वर लिहिलेल्या नियमातून ‘घरबसल्या पैशांची कमाई’ आरामात निसटते. त्यामुळे मूळ रूप आणि सामान्यरूप अशी दोन्ही रूपे नियमात घालावी लागतात. याच कारणाने मी सुटा शब्द टाळून दोन शब्दांचा जोड धरतो. ‘घरबसल्या’ आणि ‘कमाई’ हे दोन्ही एकाच विषयात आले तर तो संदेश निश्चितच जाहिरात असतो. दोहोंपैकी एक शब्द कुणाच्याही साध्या बोलण्यात येऊ शकतो.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती सर्वांत त्रासदायक. एकच अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलेले असू शकते. ‘सुधारणाऱ्या’ हा शब्द काही जण स्वतंत्र ‘ऱ’ ला हलंत जोडून लिहितात, तर काही कळफलकांवर तो ‘र’, हलंत आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह मिळून ‘सुधारणार्‍या’ असा उमटतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्रणेला ते वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडची एकरूप करण्याची प्रमाण रीत वापरली तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत. जाहिरात करणारे तर अशी अदृश्य चिन्हे मुद्दाम शब्दाच्या मध्ये पेरतात, किंवा रोमन अक्षराच्या जागी अगदी तसेच दिसणारे रशियन लिपीतले अक्षर घालतात. जो शब्द पकडायचा तो स्वतः टंकित न करता नकोशा संदेशातूनच उचलून नियमात चिकटवावा, आणि दोन वेगळ्या लेखकांच्या संदेशांतून उचललेले दोन्ही प्रकार नोंदवावेत. आकड्यांचेही तसेच आहे: ‘५०%’ आणि इंग्रजी आकड्यांनी लिहिलेले ‘50%’ हे दोन वेगळे नमुने आहेत.

शेवटची गोष्ट विषयाच्या ओळीची. ईमेल आणि यूझनेट यांच्या हेडरमध्ये देवनागरी मजकूर सांकेतिक रूपात बांधून पाठवता येतो, आणि प्रत्येक सांकेतिक तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा असते. देवनागरीचे एक वर्णचिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे नेहमीच्या बांधणीत एका तुकड्यात जेमतेम १५ वर्णचिन्हे मावतात आणि मोठा विषय तीनचार तुकड्यांत तुटतो. चांगले साधन हे तुकडे आधी उलगडते आणि मग नियम लावते. काही साधने मात्र नियम कच्च्या ओळीवर लावतात आणि देवनागरी नियम कधीच लागू होत नाही. आपले साधन कोणत्या प्रकारचे आहे हे पाहण्यासाठी चाचणीचा एक संदेश स्वतःलाच पाठवून नियम चालवून पाहावा. जाता जाता एक सांगतो: ‘सगळा विषय मोठ्या लिपीत असेल तर जाहिरात समजा’ हा रोमन लिपीतला जुना ठोकताळा आपल्याला उपयोगाचा नाही, कारण देवनागरीत लहानमोठी लिपीच नाही. त्याऐवजी सलग तीनपेक्षा अधिक उद्गारचिन्हे धरता येतात.

वगळण्याऐवजी गुण द्यावेत

माझ्या ‘सुंदर’ प्रकरणात खरा दोष शब्दाचा नव्हता. एका नियमाला एकट्याने संदेश कायमचा नाहीसा करण्याचा अधिकार मी दिला, हा दोष होता. ज्या साधनांत गुण देण्याची सोय आहे तेथे हा अधिकार कुठल्याच नियमाला द्यावा लागत नाही. प्रत्येक नियम संदेशाला काही गुण देतो किंवा काढून घेतो, आणि शेवटी बेरीज पाहून संदेश वर आणायचा, फिका करायचा की लपवायचा हे ठरते.

मी वापरतो ते प्रमाण असे आहे. माझ्या संदेशाला आलेल्या उत्तराला +१०००, ज्यांचे लेखन मी नेहमी वाचतो अशा सदस्याला +३००, माझ्या आवडीच्या विषयाला +१००. चारपेक्षा अधिक गटांत टाकलेल्या संदेशाला −२००, नकोशा शब्दाला −१००, आणि सतत काडी टाकणाऱ्याला −५००. बेरीज −३०० किंवा त्याखाली गेली की संदेश लपतो, त्याच्या वर पण शून्याखाली असेल तर फिका दिसतो. आता अनोळखी व्यक्तीने पाच गटांत टाकलेला आणि नकोसा शब्द असलेला संदेश −३०० वर जाऊन लपतो, पण तोच एखाद्या भरवशाच्या सदस्याने टाकला असेल तर त्याची बेरीज शून्य होते आणि तो साध्या संदेशासारखा दिसत राहतो. ‘दर’ चा नियम अशा पद्धतीत लिहिला असता तर ती लेखमाला फिकी दिसली असती, पण दिसली असती.

बेरजेचा एक परिणाम आधीच ठरवून ठेवावा लागतो. काडी टाकणाऱ्याने मलाच उत्तर दिले तर −५०० आणि +१००० मिळून +५०० होतात आणि त्याचे उत्तर लपण्याऐवजी बरेच वर येते. कुणाला ते हवे असेल, कारण आपल्या नावाने काय लिहिले जात आहे हे कळावे असे वाटते. मला ते नको होते. ‘एसएलआरएन’ या साधनात गुणांपूर्वी बरोबरचे (=) चिन्ह घातले की तो नियम अंतिम ठरतो आणि पुढची बेरीज थांबते. ज्या साधनात अशी सोय नाही तेथे नियमांचा क्रम हेच काम करतो: काडी टाकणाऱ्याचा नियम सर्वांत आधी, त्यानंतर हव्या असलेल्या गोष्टींचे नियम, दोहोंखाली ‘येथे थांबा’, आणि बाकी नकोशांचे नियम शेवटी. गुणांची सोयच नसेल तर ‘वगळा’ ऐवजी ‘वाचलेले समजा’ किंवा ‘वेगळ्या कप्प्यात हलवा’ हे निवडावे. तेवढ्याने निम्म्या चुका भरून निघतात.

आपोआप शिकणाऱ्या चाळण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालणाऱ्या या चाळण्यांचा प्रसार पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली मांडलेल्या पद्धतीनंतर झपाट्याने झाला. त्या पद्धतीत चांगल्या संदेशांतल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरलेली होती, कारण एक चांगला संदेश गमावणे हे एक जाहिरात दिसण्यापेक्षा फार वाईट आहे, आणि हे तारतम्य मला मनापासून पटते. जाहिरातींवर ही चाळणी उत्तम चालते. दोन ओळींच्या प्रतिसादावर तिचे चालत नाही, कारण मोजण्याइतके शब्दच नसतात. आणि ज्याचे मत पटत नाही त्याच्या संदेशांवर ‘नकोसा’ असा शिक्का मारून तिला कधीही शिकवू नये. ही चाळणी माणूस ओळखत नाही, विषयाचे शब्द ओळखते, आणि मग त्याच विषयावरचे आपल्या मित्रांचे लेखनही हळूहळू दिसेनासे होते.

मुदत, चाचणी आणि इतरांचे प्रतिसाद

नवा नियम लिहिला की पहिला आठवडा त्याला फक्त खूण करू द्यावी. खूण झालेले संदेश शेवटी एकदा चाळावेत. त्यांत एकही चांगला संदेश निघाला तर नियम अरुंद करावा आणि पुन्हा आठवडा द्यावा. गटातला जुना साठा उपलब्ध असेल तर हेच काम एका तासात होते: नियम मागच्या दोनतीन महिन्यांच्या संदेशांवर चालवून काय काय गळले ते पाहावे.

माणसांवरच्या आणि धाग्यांवरच्या नियमांना मुदत हवी. माणसे रागाच्या भरात काहीबाही लिहितात आणि पुन्हा भानावर येतात. धागे तर संपतातच. ‘नूस’ या साधनातला तात्पुरता नियम सात दिवस कुठल्याही संदेशाला लागू झाला नाही की आपोआप गळून पडतो, आणि जोवर तो लागू होत राहतो तोवर जिवंत राहतो. याहून चांगली मुदतीची कल्पना मी पाहिलेली नाही. मास्टोडॉन या समाजमाध्यमावर चाळणीला अर्ध्या तासापासून आठवड्यापर्यंत मुदत घालता येते, आणि संदेश पूर्ण लपवण्याऐवजी इशारा देऊन झाकण्याचाही पर्याय असतो. तोच निवडावा. माझा स्वतःचा नेम असा की व्यक्तीवरचा पहिला नियम एक महिन्याचा, दुसरा तीन महिन्यांचा, आणि कायमचा नियम फक्त जाहिरातींना.

व्यक्ती गाळली तरी तिला आलेले प्रतिसाद दिसत राहतात, आणि त्यांत तिचाच मजकूर उद्धृत केलेला असतो. म्हणून काडी टाकणाऱ्यासाठी दुसरा, सौम्य नियम जोडावा: त्याच्या संदेशापासून फुटलेल्या फांदीला −१५०. म्हणजे अनोळखी लोकांची बाचाबाची फिकी होते, पण भरवशाच्या सदस्याने तेथे काही मोलाचे लिहिले असेल तर ते ठळक राहते. यूझनेटवर कुणाला किलफाइलमध्ये टाकले की ‘प्लॉंक’ असे जाहीरपणे लिहिण्याची पद्धत होती. तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. काडी टाकणाऱ्याला जे हवे असते ते नेमके त्या एका शब्दात मिळते, आणि ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते त्यांचे लक्ष तिकडे जाते.

फोनवरच्या संवादगटांत वाचकाच्या हाती फार कमी असते. व्हॉट्सॲपवर एखाद्याला ब्लॉक केले तरी सामायिक गटातले त्याचे संदेश दिसतच राहतात, हे अनेकांना ठाऊक नसते. तेथे गट म्यूट करणे, तो अर्काइव्हमध्ये हलवणे आणि स्वतः ठरवलेल्या वेळीच उघडणे एवढेच शक्य आहे; बाकी भार अ‍ॅडमिनवर पडतो.

अ‍ॅडमिनची जबाबदारी वाचकापेक्षा जड आहे, कारण वाचकाची चूक एकट्याला भोवते आणि अ‍ॅडमिनची साऱ्या गटाला. त्याच्या हातात सर्वांत गुणकारी उपाय एकच: नव्या सदस्याचे पहिले दोनतीन संदेश मान्यतेसाठी थांबवणे. जाहिरात टाकणारा वाट पाहत नाही आणि खऱ्या सदस्याला एका दिवसाच्या विलंबाने काही बिघडत नाही, मात्र तो विलंब खरोखर एका दिवसाचाच असला पाहिजे. शब्दांची यादी लावलीच तर तिने संदेश थांबवावा, खोडू नये. संदेश थांबवला आहे हे लिहिणाऱ्याला कळवावे. आणि कोणत्या प्रकारचे संदेश थांबतात हे गटाच्या नियमांत उघडपणे लिहावे. लिहिणाऱ्याला न कळवता त्याचे संदेश फक्त त्यालाच दिसतील असे करणे मला कधीही पटलेले नाही. तो माणूस महिनोन्महिने रिकाम्या खोलीत बोलत राहतो, आणि त्याच्या बाबतीत चूक झाली असेल तर ती दुरुस्त होण्याची वाटच उरत नाही.

नियमांच्या फाइलची एक प्रत वेगळी ठेवावी, कारण साधन बदलताना ती बहुधा हरवते. प्रत्येक नियमाच्या वर एक ओळ लिहावी: तारीख, कारण, आणि ज्या संदेशामुळे नियम लिहावा लागला त्याचा क्रमांक. दर तीन महिन्यांनी फाइल उघडून त्या ओळी वाचाव्यात. ज्या नियमाचे कारण आता उरलेले नाही, किंवा ज्याच्या वर कारण लिहिलेलेच नाही, तो काढून टाकावा आणि पुढचा आठवडा पाहावे. त्रास परत सुरू झाला तर नवी तारीख घालून तो पुन्हा लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.